महादेवाची ठंडाई, सरकारच्या बाटल्या

महाशिवरात्रीच्या फडात कुस्तीआधी महादेवाची ठंडाई प्यायची, हा दोंडाईच्याजवळच्या त्या गावाचा रिवाज. पहिला पेला पाहुण्याला, मग पहिलवानांना. तिच्यात भांग असते हे सगळ्यांना ठाऊक. तसं बोलायचं नाही, हेही ठाऊक.

त्या वर्षी पाहुणे होते धुळ्याचे साहेब. परदेशात कुणी ताकदीचं औषध घेऊन शर्यत धावला, म्हणून सरकारनं इथल्या पहिलवानांवर नजर ठेवायला त्यांना धाडलेलं. सोबत लघवीच्या तपासणीसाठी रिकाम्या बाटल्या, लाख, शिक्के. उन्हातून आलेल्या साहेबांनी मानाचा पेला घटाघटा रिचवला, वर दुसरा मागितला.

झुलाल पहिलवानाची ती शेवटची कुस्ती. मिशी पिकली होती, गुडघा कुरकुरत होता. निरोपाआधी चांदीची गदा एकदा खांद्यावर यावी, एवढीच आस. गदा दिलेली देशी दारूच्या ठेकेदारानं. त्याच्याच नावाच्या फलकाखाली सावली धरून साहेब बसले होते.

झुलालनं पेला ओठाला लावला, तसे ते उठले. "काय आहे यात?"

"भांग शे." झुलालला खोटं बोलायची सवयच नव्हती.

"मादक पदार्थ! तू बाद."

मग समोरचा वना, भुसावळचा. मिसरूड कोवळी, मान बैलाची. "ताकदीची इंजेक्शनं घेतो," तो ऐटीत म्हणाला. साहेबांनी सरकारी हुकुमाचा कागद उलटून पालटून वाचला. "इंजेक्शनाचं यात काही नाही. तू चालशील."

झुलाल फडाबाहेर जायला वळला. पंच आधार आबा मात्र पुढे झाले. "साहेब, पहिला गिलास कोनी लिधा? दुसराबी मांगी लिधा ना? मंग एक बाटली तुम्हीबी भरा."

फड खदाखदा हसला. साहेबही हसू लागले, ते थांबेचनात. शेवटी डोळे पुसत त्यांनी निकाल दिला, "ठंडाईत बडीशेप आहे. नुसती बडीशेप. दोघेही निर्दोष!"

हलगी कडाडली. बांधावर पळस पेटला होता, त्याच्याच रंगाची धूळ उडाली. वनानं झुलालला कापसाच्या गाठोड्यासारखं उचललं नि चीत केलं. गदा गेली वनाच्या खांद्यावर.

झुलाल पाठीची माती झटकत उठला. साहेब झुलत त्याच्यापाशी आले. "बघ, खेळ कसा स्वच्छ झाला!"

"साहेब, बडीशेप भारी चढनी तुम्हले."

साहेबांचा तोल गेला. गदेसाठी राखलेल्या खांद्यावर झुलालनं त्यांचा हात घेतला आणि त्यांना हळूहळू मंडपाकडे नेलं.