मरणाचं कारण : मामा

मरण सगळ्यांना सारखं करतं, असं थोर लोक सांगून गेले. दसरू कोतवालानं ते एकट्याच्या जोरावर करून दाखवलं होतं. आरमोरीपलीकडच्या त्याच्या गावात जो मरे, तो तापानंच. झाडावरून पडलेला बिरजूसुद्धा. "मरतेवेळी आंग गरमच होतं त्याचं," हा दसरूचा खुलासा. तो सांगे, ठाण्यातला मुन्शी मरणाच्या वहीत लिही, मग दोघं बिडी पेटवत. काय निवांत दिवस होते! गडचिरोली तेव्हा चांदा जिल्ह्यात होती, आणि चांदा बहुतेक जंगलात.

मग नागपूरच्या आरोग्य खात्याचे गुणवंतराव सायकल हाणत आले. "ताप बंद!" ते गरजले. "लोक सांगतील तेच शब्द लिहायचे. खरं कारण कळल्याशिवाय सरकार उपाय काय कपाळ करणार?"

दसरू हुकमाचा ताबेदार. थोड्याच दिवसांत मोहफुलं वेचायला गेलेला वारलू परतला नाही. अख्खं गाव जे बोललं, तेच दसरूनं लिहवून घेतलं : "मामानं नेलं."

ठाणेदार नवा, दूर मुंबईकडचा. त्यानं वाचलं आणि वारलूच्या सख्ख्या मामाला, मुखरूला, धरून आणलं. पोरक्या वारलूला म्हाताऱ्यानंच वाढवलेलं. डोळे अजून सुकले नव्हते.

"काऊन बे दसऱ्या, मी मारलो माह्या भाच्याले?"

"तुमी नाई, भाऊ. तो... मामा."

"मंग नाव सांग ना त्याचं!"

नाव घेतलं की तो येतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक; म्हणून मुखरूही ते घेईना, मुन्शीही. आणि दसरूची घरची वाट सगळी रानातून. त्यानं अंगावर बोटानं पट्टे ओढले, जमिनीवर रांगला, गुरगुरला.

वही तपासायला आलेले गुणवंतराव उजळले. "फेफरं! फेफऱ्यानं मेला!"

ठाणेदारानं ते न ऐकता खुंटीवरची बेडी काढली. मुखरूनं दोन्ही हात पुढे केले. ते पाहून दसरूनं डोळे मिटले आणि ओरडला, "वाघ! वाघानं खाल्लं, साहेब! वाघ!"

मुन्शीनं हळूच दार लोटून घेतलं.

मुखरू सुटला. "याला म्हणतात अचूक नोंद!" म्हणत गुणवंतरावांनी 'मामा' खोडून स्वहस्ते 'वाघ' लिहिलं, खाली लफ्फेदार सही ठोकली आणि सायकल काढली. उन्हं कलली होती. ते रानाकडे बघत जरा थबकले, मग सायकल हातानं ढकलत दसरूजवळ आले.

"दसरू," ते अगदी हळू म्हणाले, "नाल्यापर्यंत जरा पुढं चालतोस का? वाटेत मामा बसले असतील."