सहाव्या मजल्यावरचा विंझणा

मित्रांनो, वारा हवा असला की तुम्ही बटण दाबता. मी त्याआधीच्या काळातला. वाळ्याचा एक जुना विंझणा, म्हणजे हातपंखा. लखनौजवळच्या चिनहट गावातल्या एका म्हातारीने वाळ्याच्या मुळ्या विणून मला घडवले आणि कडेला लाल कापडाची पट्टी शिवली. रेल्वेत इंजिनियर असलेल्या दीनानाथांची लखनौला बदली झाली, त्या पहिल्याच उन्हाळ्यात मधुमतीबाईंनी मला अलीगंजच्या घरी आणले.

बाईंचा नेम होता. वैशाख आणि ज्येष्ठात दुपारचा नैवेद्य झाला की मला पाण्यात भिजवायचे आणि बाळकृष्णाला एकशे आठ वेळा वारा घालायचा. मी फक्त देवाचा. एकदा वीज गेली, दीनानाथांनी घाम पुसत मला मागितले, तर बाईंनी मुकाट्याने त्यांच्या हाती वर्तमानपत्र दिले. सव्वीस वर्षे असे चालले. उरलेले महिने मी खुंटीवर धूळ खात असे. त्याबद्दल तक्रार नाही.

मग लेक अनघा पॅरिसला बाळंत होणार म्हणून दोघांचे जुलैत जायचे ठरले. तयारी दीनानाथांनी हाती घेतली. फार पूर्वी ते ट्रेनिंगसाठी जर्मनीला गेले होते, नोव्हेंबरात, आणि कुडकुडून परतले होते. तेव्हापासून सगळी विलायत त्यांच्या लेखी थंड. अनघा फोनवर सांगत होती, बाबा, इथे फार उकडतंय, सुती कपडे आणा, जमलं तर छोटा पंखाही आणा. ते हसले.

"लखनौचं पंचेचाळीस पाहिलेल्या माणसाला उकाडा सांगतेस? तुझा उन्हाळा म्हणजे आपला माघ."

बॅगेत स्वेटर गेले, शाली गेल्या, कानटोप्या गेल्या. मी एरवी घरीच राहिलो असतो. पण त्या वर्षी अधिक महिना होता. ज्येष्ठ दोनदा आला आणि नेम जुलैच्या मध्यापर्यंत लांबला. बाईंनी बाळकृष्ण पर्समध्ये घेतला, मला साडीत गुंडाळले.

"तिथं हा काय कामाचा?" दीनानाथांनी विचारले.

"तुमच्या कामाचा नाहीच तो," बाई म्हणाल्या.

अनघाचे घर सहाव्या मजल्यावर, थेट पत्र्याच्या छपराखाली. छताला पंख्याचा हूकसुद्धा नव्हता. चौथ्या दिवशी दुपारी खोली भट्टीसारखी तापली. बारा दिवसांची नात लालबुंद झाली होती. रडून रडून थकली आणि दूध तोंडात धरेना. डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितले होते, आधी खोली थंड करा, तासाभरात प्याली नाही तर घेऊन या. जावई विपुल अलीगंजचाच. तो धापा टाकत जिना चढून आला.

"पापाजी, सारी दुकानें देख लीं. एक पंखा नहीं बचा।"

दीनानाथ उठले. त्यांनी बॅग उघडली आणि एकेक शाल काढून उन्हाच्या खिडकीवर टांगू लागले.

कोपऱ्यात बाईंचा नेम चालू होता. मी भिजलेला, समोर बाळकृष्ण. एकेचाळिसाव्या वाऱ्याला बाईंचा हात थांबला. सव्वीस वर्षांत तो कधी मध्येच थांबला नव्हता. त्यांनी देवाला नमस्कार केला, माझे पाणी निथळू दिले आणि पाळण्याशी जाऊन बसल्या.

"एकेचाळीस झालेत," त्या दीनानाथांना म्हणाल्या. "पुढचे तुम्ही मोजा."

ते मोजत राहिले. वाळ्याचा वास खोलीत पसरला. ऐंशीच्या आसपास बाळाचा लालपणा उतरू लागला, शंभरीनंतर त्याने दूध धरले. दीनानाथ एकशे आठवर थांबले नाहीत, आणि बाईही थांबल्या नाहीत.

आता मी इथे पॅरिसलाच असतो, पाळण्याजवळच्या खुंटीला. स्वेटर घड्या न मोडता अलीगंजला परतले. मित्रांनो, परगावी निघाल तेव्हा आपल्या जुन्या आठवणीला हवा विचारू नका. तिथे राहणाऱ्या माणसाला विचारा, आणि तो सांगेल ते खरे माना. आणि घरात माझ्यासारखा कोणी खुंटीवर असेल, तर त्याच्यावरची धूळ तेवढी झटकून ठेवा.