व्हर्लाचा शेवटचा किडा

माझी बायको व्हर्ला गेली हे कळलं तेव्हा मी बिग होल नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभा होतो. हॉस्पिटलातून तिनेच मला हाकललं होतं. "माझ्या तोंडाकडे काय बघत बसलायस? नदीवरचा बर्फ फुटलाय, जा." काठावरून शेजारचा ओरिन हात हलवत ओरडत होता. पाण्याच्या आवाजात मला शब्द कळेनात. मी ओरडलो, "गप बस, मासे पळवशील!" शेवटी तो साध्या बुटांनिशी पाण्यात शिरला. तेव्हा समजलं.

माझा गळ तळाच्या दगडांत अडकला होता. दोरी तोडून मी बाहेर आलो. त्या गळावर व्हर्लाने दोऱ्यापिसांनी बांधलेला खोटा किडा होता. घरी किड्यांची डबी उघडली, तर तिच्या हातचा आता एकच उरला होता.

आमच्याकडे जून महिन्यात स्टोनफ्लाय काठावर चढतात आणि त्यांना पंख फुटतात. त्याआधी हे काळे किडे तळाशी दगडांतून रांगत असतात, आणि ट्राउट मासे त्यांच्यावर टपलेले असतात. व्हर्ला गळावर त्यांची नक्कल बांधायची. काळा आणि पिवळा दोरा एकमेकांत विणायचा, म्हणजे पाठ काळी येते आणि पोट पिवळं. खोटा किडाही तळ घासतच गेला पाहिजे. त्यामुळे तो दगडात अडकतो आणि जातो. एकच किडा घेऊन नदीवर जाणं म्हणजे तो नदीला देऊन टाकणं.

राखेबद्दल तिची एकच अट होती. "आधी माझ्या किड्यावर एक मासा धर, मग मला नदीत टाक. निदान त्या निमित्ताने तरी एकदा नीट मासे धरशील."

म्हणून मी बांधायला बसलो. टेबलाच्या कडेला तिचा चिमटा होता, त्यात गळ पकडला. वजनासाठी शिशाची तार गुंडाळली, दोरे विणले. पोट फिरून पाठीवर आलं. उसवलं, पुन्हा विणलं, पुन्हा तेच. दोरा तुटला. पिसं कॉफीत पडली. दारात कोणीतरी ओव्हनमध्ये भाजलेलं बटाट्याचं कॅसरोल घेऊन उभं. गावातल्या प्रत्येक बाईला मी उपाशी मरेन असंच वाटत होतं. फ्रिज भरला, किडा काही होईना.

ओरिन रोज बघायला यायचा.

"हा किडा आहे की बुटाची नाडी?"

"तू बांध मग."

"मी कशाला? बायको तुझी होती." मग म्हणाला, "आणि लाइल, तू बांधलेला तिचा कसा म्हणायचा?"

"तिच्या पद्धतीने बांधला की तिचाच."

"पद्धत येते कुठे तुला?"

त्याला बाहेर काढावंसं वाटलं, पण त्याचं बरोबर होतं. तिच्या उरलेल्या किड्याची बाहेरून नुसती वीण दिसत होती, आत काय होतं ते दिसत नव्हतं.

"उसव तो," ओरिन म्हणाला.

"वेडा आहेस का? शेवटचा आहे."

"मग बस त्याच्याकडे बघत. जून संपेल."

चिडून मी ब्लेड घेतलं आणि डोक्याची गाठ कापली. रबराचे पाय गळून पडले, पाठीवरची पिसं सुटली. वीण मात्र हळूहळू उलगडली. खाली शिशाच्या तारेचे दोन तुकडे, गळाच्या दोन्ही बाजूंना एकेक, आडवे. म्हणून तिचा किडा चपटा होता, गडगडत नव्हता. आणि दोरा उलटा गुंडाळलेला. मी गुंडाळायचो त्याच्या उलटा.

"डावखुरी होती ती," ओरिन म्हणाला.

मला माहीत नव्हतं का! जन्मभर जेवताना तिचं कोपर माझ्या कोपराला लागायचं. "सरक ना," म्हणून रोज ओरडायचो. मी गुंडाळत होतो माझ्या बाजूने, गाठी बघत होतो तिच्या. मग पोट फिरणार नाही तर काय!

चिमटा उलटा फिरवला. टेबलाच्या पलीकडे, तिच्या खुर्चीत जाऊन बसलो. डाव्या हाताने दोरा धरला. बोटं ऐकेनात. शिव्या घातल्या, ओरिनलाही घातल्या. पण वीण बसली. पाठ काळी, पोट पिवळं, अंग चपटं.

ओरिनने उचलून बघितलं. "पाय?"

पाय कसे बांधले होते ते बघायला आता काही शिल्लक नव्हतं. रबराचे तुकडे टेबलावर पडले होते. डोकं मी स्वतः कापलं होतं.

"तूच म्हणालास उसव."

"बघून उसव म्हणालो."

काल पुलाजवळच्या झुडपांवर पहिले पंखवाले किडे दिसले, म्हणजे आता थोडेच दिवस उरले. राखेचा डबा खिडकीत आहे. पाय आणि डोकं अजून बांधायचं आहे.