झाकली मूठ

डेल्मर हॅस्केटच्या बरोबरीचे निम्मे ड्रायव्हर एव्हाना जमिनीखाली गेले होते आणि उरलेले कुठे ना कुठे पेट्रोलपंप चालवत होते. शर्यतीत उरला होता तो एकटा. त्यात हिंमत किती आणि दुसरं काहीच न येण्याचा भाग किती, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. बाप कोळशाच्या खाणीत राबून, खोकून खोकून मेला. आपण त्या भोकात उतरायचं नाही एवढ्याच जिद्दीने डेल्मरने भंगारातून एक गाडी जोडली आणि जत्रेतल्या घोड्यांच्या मैदानावर पळवली. त्यानंतर इंडियाना-ओहायोतलं एकही मातीचं मैदान त्याने सोडलं नाही. फासळ्या मोडल्या, एकदा मान मोडता मोडता वाचली, एका कानाची पाळी जळाली. बायको कधी सोडून गेली ते त्याला दुसऱ्या गावी कळलं. एवढं करून मे महिन्यातली पाचशे मैलांची मोठी शर्यत काही त्याच्या नशिबी आली नव्हती. दोनदा तिथे पोचला आणि दोन्ही वेळा चाचणीतच गाडीने मान टाकली.

चाळिशी दारात आली तेव्हा ऑर्व्हिल क्राउटरने त्याला आपल्या गाडीत बसवलं. क्राउटरचा धंदा विहिरी खोदण्याचा, आणि शर्यतीची गाडी हा त्याचा शौक. माणूस तोंडाचा फटकळ.

"सप्टेंबरातल्या जत्रेत माझी गाडी शेवटपर्यंत पळाली पाहिजे," तो म्हणाला. "पळाली तर मे महिन्यात तूच बसशील. पण रडगाणं नको. 'गाडी खराब, गाडी खराब' म्हणणारे तीन जण मी घरी बसवलेत."

ही काही एकट्या क्राउटरची तऱ्हा नव्हती. त्या लोकांची रीतच तशी होती. मैदानाच्या आत, जिथे गाड्या दुरुस्तीला थांबत त्या पिटमध्ये, बायकांनी पाऊल टाकायचं नाही, हिरवा सदरा घालून यायचं नाही, भुईमुगाच्या शेंगा फोडायच्या नाहीत आणि गाडीला नावं ठेवायची नाहीत. ज्याने नावं ठेवली तो घाबरला, आणि जो घाबरला त्याने खुशाल पेट्रोलपंप शोधावा. अब्रूने खाली उतरायचा एकच रस्ता होता, तो म्हणजे हात. उखणलेल्या मातीत स्टिअरिंग धरून धरून तळहातांची सालटी निघत. हात गेले म्हणून कोणी मध्येच उतरला तर त्याला हसत नसत. दुसरा ड्रायव्हर बसे, शर्यत पुरी करी, आणि निकालात दोघांचीही नावं लागत. हातमोजा काढून दाखव बरं, असं मात्र आजवर कोणी कोणाला म्हटलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्या मातीतही लागू होतं.

रॉइस टिबेट्स हा डेल्मरचा चेला म्हणा, धाकटा भाऊ म्हणा. शर्यतीत कसं वळायचं, कधी दाबायचं, पिटमध्ये तोंड कसं बंद ठेवायचं, सगळं त्याने डेल्मरकडून उचललं होतं. डेल्मरचं जेवणही रॉइसच्याच घरी व्हायचं. रॉइसची बायको ओपल घेवडा शिजवायची, मक्याचा पाव भाजायची, आणि जेवणं झाली की दोघांना हात टेबलावर ठेवायला लावायची. डुकराची चरबी आणि मेण कढवून तिने मलम केलेलं असायचं. जॅमच्या बाटलीतलं ते मलम ती दोघांच्या तळहातांना चोळायची.

"लग्न एकाशी केलं, हात चार धरावे लागतात," असं ती म्हणायची, आणि रॉइस दर वेळी नव्याने हसायचा.

जत्रेच्या दिवशी रॉइसच्या गाडीचं इंजिन सकाळीच बसलं. हेल्मेट काखेत मारून तो पिटमध्ये घिरट्या घालत राहिला. ओपल वर लाकडी बाकांवर इतर बायकांत बसली होती.

शर्यत अर्ध्यावर आली तेव्हा डेल्मर चौथा होता. तिसऱ्या वळणात शिरताना पुढचं डावं चाक थरथरलं. पुढच्या फेरीला जास्त थरथरलं. हा थरथराट त्याच्या चांगल्या ओळखीचा होता. चाकाला धरून ठेवणारा दांडा तडकला की असं होतं, आणि तो तुटला की चाक मानेल तिकडे जातं. अशाच एका दांड्याने त्याच्या डोळ्यांदेखत दोन माणसं नेली होती.

तो घाबरला. साफ घाबरला. आणि घाबरलेल्या माणसाला जे सुचतं तेच त्याला सुचलं. गाडी मोडलीय असं सांगावं तर शर्यत संपली, मे महिनाही संपला. हात गेले म्हणावं तर गाडी पळत राहील आणि नावही राहील. रॉइस काही खुळा नाही, एका फेरीत त्याला चाक कळेल आणि तो हळूच गाडी आत आणेल. असा हिशेब जमवून त्याने गाडी पिटमध्ये घेतली.

"हात गेले," तो म्हणाला.

क्राउटरने मान हलवली. हातमोज्यांकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही. रॉइस तोवर हेल्मेटचा पट्टा आवळत धावत आला होता.

"गाडी कशी आहे?" आत बसता बसता त्याने विचारलं.

त्या प्रश्नाचं उत्तरही ठरलेलं असायचं. क्राउटर हातभर अंतरावर उभा होता.

"मस्त आहे," डेल्मर म्हणाला. "हाण."

"बस तू सावलीत, म्हाताऱ्या. मे महिन्यातली तुझी खुर्ची मी घेऊन येतो."

रॉइस दोन फेऱ्यांत तिसऱ्या नंबरावर पोचला. चाक त्याला कळलं नसेल असं नाही. पण तो आत आला नाही. डेल्मर कठड्याला धरून मनातल्या मनात ये, ये म्हणत राहिला. मग तिसऱ्या वळणात गाडी सरळच गेली, बाहेरच्या कठड्यावर चढली आणि पलीकडच्या मक्यात उलटीपालटी होत पडली. आग लागली नाही. धूळ खाली बसेपर्यंत लोक उभे राहून बघत होते.

वरून बायकांना दिसला तो फक्त गाडीचा नंबर. ड्रायव्हर बदलताना ओपल पाणी आणायला गेली होती. ती धावत पिटच्या कुंपणाशी आली आणि समोर तिला डेल्मर उभा दिसला. जाळीतून बोटं घालून तिने त्याचा सदरा धरला.

"डेल. अरे देवा, डेल. मला वाटलं तू गेलास." ती रडत होती आणि हसतही होती. "आम्ही तुझ्या नावाने प्रार्थना करत होतो रे. मग आत कोण होता? कोण बिचारा?"

डेल्मरने हातमोजे घातलेले हात मागे घेतले.

"रॉइसला सांगा कोणीतरी," ती त्याच्या खांद्यावरून आत बघत म्हणाली. "तुझ्या काळजीने वेडा झाला असेल तो. कुठेय तो?"

डेल्मरने मान खाली घातली. सदऱ्यावरची तिची बोटं हळूहळू सुटली.

दफनाला डेल्मर दोन्ही हातांना पट्ट्या बांधून गेला. त्या त्याने स्वतःच बांधल्या होत्या. क्राउटरने सर्वांदेखत त्याच्या पाठीवर हात ठेवला. "गाडी शेवटपर्यंत पळाली नाही, पण तू रडगाणं गायलं नाहीस. मे महिन्यात तूच," तो म्हणाला. तेव्हा गाडीच्या नाकावर रॉइसचं नाव रंगवणार असं डेल्मरने जाहीर केलं. चांगले दणकट पुरुष डोळे पुसत होते. डेल्मरही रडला, आणि ते रडणं खरं होतं.

आठवड्याभराने एका दुपारी ओपल त्याच्या खोलीवर आली. हातात जॅमची बाटली होती.

"हात दे."

"राहू दे, ओपल. बरे होतायत."

"इतकी वर्षं देतोयस, आज लाजायला काय झालं? मला काहीतरी करू दे रे. घरात नुसतं बसवत नाही."

त्याने हात दिला. दुसरं काय करणार? तिने पट्टी सोडवली. तळहातावर जुने घट्टे होते, नवा एकही फोड नव्हता. तिने दुसराही हात सोडवला. मग बाटलीचं झाकण परत लावलं.

"गाडीला काय झालं होतं?"

"पुढचं चाक थरथरत होतं."

"त्याला सांगितलंस?"

"वाटलं, त्याला कळेल. कळलं की आत आणेल."

"तू आणलीस तेव्हा गाडी खराब आहे म्हणालास?"

तो सुटलेली पट्टी पुन्हा हाताला गुंडाळू लागला.

"मग त्याने कुठून म्हणायचं?" ओपल म्हणाली. "शिकवलं कोणी त्याला?"

ती उठली. तिचा आवाज चढला नव्हता. दारात थांबून ती म्हणाली, "बस तू त्या गाडीत. तुझ्यासाठीच गेला तो. पण त्याचं नाव त्या गाडीवर नको."

मलमाची बाटली ती परत घेऊन गेली.

मे महिन्यात डेल्मर मोठ्या शर्यतीला बसला. क्राउटरने गाडी नवी करून घेतली होती आणि तिचं नाक कोरं होतं. नावाचं काय झालं म्हणून पिटमधल्या दोघातिघांनी विचारलं. तो हातमोजे चढवत होता. मग क्राउटरने वाकून विचारलं, गाडी कशी वाटते.

"मस्त आहे," डेल्मर म्हणाला.