मधू, बस!

क्लबच्या पत्राला मधुसूदननं महिनाभर उत्तर दिलं नव्हतं. नियमभंगाचा लेखी खुलासा मागवला होता, नाहीतर पुढच्या स्पर्धांतून नाव कमी होणार होतं. खाली सचिवांची, म्हणजे शिवराजचीच सही होती.

"अहो, घडलं ते लिहून मोकळे व्हा," कालिंदी म्हणाली.

"माझ्या ऐकण्यातच चूक झाली असेल तर?"

यंदा ज्येष्ठांच्या गोल्फ स्पर्धेत सगळ्यांनी चालायचं ठरलं होतं. मैदानावरच्या छोट्या मोटारगाडीत बसायचं तर समितीची परवानगी हवी, नाहीतर खेळाच्या हिशेबात दोन जादा फटक्यांचा दंड. हा नियम शिवराजनंच आणलेला. तोच रोज सकाळी मधुसूदनच्या जोडीनं खेळायचा, वीस वर्षं.

सातव्या होलला मधुसूदनचा गुडघा धरला. देखरेखीची गाडी घेऊन फिरणारा शिवराज शेजारी येऊन थांबला. म्हणाला, "मधू, बस!"

मधुसूदन बसला. सचिवच म्हणतोय, तर आणखी कुणाला विचारायचं?

कुणीतरी तक्रार केली. समितीसमोर शिवराजनं हात झटकले.

"'बस' म्हणलो, व्हय. म्हंजे बस झालं, खेळ सोड! ह्यानं तर गाडीतच बूड टेकलं. लायब्ररीवाल्याला सादा शब्द कळंना, त्याला मी काय करू?"

सगळे हसले. ओशाळून मधुसूदनही हसला. घरी येऊन त्यानं शब्दकोश उघडला. दोन्ही अर्थ होते. जन्म ग्रंथालयात गेलेल्या माणसाला त्या दोन अक्षरांनी महिनाभर पार बावचळवून टाकलं होतं.

"त्या शेजारच्या सीटवर काही नव्हतं का?" कालिंदीनं विचारलं.

"त्याची पिशवी होती."

"मग काय पिशवीवर बसलात?"

"छे, त्यानंच ती उचलून मांडीवर..."

मधुसूदन थांबला. मग कागद ओढला.

'गाडीत मी बसलो. समितीची परवानगी नव्हती. दंड मान्य आहे. जोडीदार नसल्यामुळे यापुढे माझे नाव धरू नये.'

कालिंदीनं वाचलं. "आणि पिशवीचं?"

"ते त्याला माहीत आहे."

औरंगपुऱ्याच्या पोस्टात उभ्याउभ्याच त्यानं पत्ता घातला. वीस वर्षांत पहिल्यांदाच शिवराजच्या नावाआधी 'श्री.' लिहिलं आणि पाकीट पेटीत सोडलं.