बर्फाचा सुळका

पोलादपूरच्या वर, डोंगरमाथ्यावरच्या वाडीत चंद्राबाईंचं नवं घर उभं राहिलं. समोरच्या कोऱ्या भिंतीवर काय लावायचं, ते त्यांनी महाडच्या दुकानात पाहताक्षणी ठरवलं. दाराएवढं मोठं चित्र होतं. त्यात बर्फाचा सुळका आणि त्यामागं काळंभोर वादळी आभाळ.

"आये, डोंगरावर राहतेस नि डोंगराचंच चित्र?" मुलगा सुधीर हसला.

"हितले समदे डोंगर म्हशींमागं पालथे घातले रे. न चढलेला एक तरी घरात हवा."

जीपचा रस्ता पायथ्याशीच संपला. चित्र डोक्यावर घेऊन चंद्राबाई पुढे निघाल्या, सामान घेऊन सुधीर मागे. खिंडीत वाऱ्यानं चित्र असं उचललं, की चंद्राबाई दरीच्या कडेला ओढल्या गेल्या.

"सोड गो आये! दरीत जाशील!"

त्यांनी सोडलं नाही. खाली बसून त्यांनी चित्र आडवं केलं, त्यावर पालथ्या पडल्या आणि वारा दमेपर्यंत तशाच पडून राहिल्या. मग मायलेकांनी ते दोन्हीकडून धरून घरी आणलं.

चित्र भिंतीवर चढलं, तेव्हा सगळी वाडी दारात लोटली. 'हे वर पोचायचं नाय' म्हणणारे चंद्राबाईंचे यजमान हरिबा पुढे झाले आणि त्यांनी बर्फाला बोट लावलं.

"थंड नाय गो!"

"माझ्या डोक्यावर बसून आलाय," चंद्राबाई पदरानं घाम पुसत म्हणाल्या, "थंड कसा राहील?"

सगळी वाडी हसली, आणि सर्वांत मोठ्यांदा चंद्राबाई.