दोन कार्बोरेटर, एक कान

दाताच्या डॉक्टरने गाडी आमच्या शेडमध्ये आणली तेव्हा मी स्पष्ट सांगितलं, मिस्त्री, म्हणजे आमचे हे, आता काम करत नाहीत, दुसरीकडे न्या. तो म्हणाला, दुसरीकडे नेली होती, म्हणून तर ही अवस्था. दिवसभर लोकांना तोंड उघडं ठेवायला लावणारा माणूस, पण स्वतःचं मात्र मिटत नाही. वडिलांची गाडी, लहानपणी मागच्या सीटवर झोपायचो, आता चढावर धापा टाकते, चौकात बंद पडते, सगळं सांगून झालं. शेवटी मी म्हटलं, ठेवा. दया आली म्हणून नाही. नकार द्यायला अजून बोलावं लागलं असतं, आणि बोलायचा मला कंटाळा आला होता.

कंटाळा तरी कसला, खरं तर काही वाटतच नव्हतं. आमच्या ह्यांना झटका आला, उजवं अंग गेलं, वाचा गेली, दवाखाना झाला, घरी आणलं, आणि ह्या सगळ्यात माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. शेजारणी म्हणायच्या, बाई धीराची आहे. धीर कसला डोंबलाचा! दात काढायच्या आधी सुई टोचतात ना, तसं झालं होतं. ह्यांना भरवत होते, पुसत होते, कूस बदलत होते, आणि मनात काही हलत नव्हतं.

ह्यांच्याकडे एकच शब्द उरला होता. हो. चहा हवा का? हो. चहा नको ना? हो. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तुम्ही बाई आहात का, तर तेव्हाही हो. त्या म्हणाल्या, ह्यांना किती समजतंय ते सांगता येणार नाही. म्हणजे आत माणूस आहे की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं. मला तर वाटायला लागलं होतं, की नाही.

दीर अधूनमधून यायचा. वहिनी, तुमची कंबर मोडेल, म्हणायचा, आणि खोटं नव्हतं ते. त्याने शहराबाहेर एक संस्था बघून ठेवली होती. स्वच्छ खोल्या, नर्सबाई, रविवारी भेटायला जायची सोय. हे सगळं तो ह्यांच्या पुढ्यात बसूनच सांगत होता. हे म्हणाले, हो. दीर म्हणाला, बघा, दादालाही पटतंय. मग मीही हो म्हणून टाकलं. शनिवारी तो न्यायला येणार होता. मी ह्यांचे कपडे इस्त्री करून बॅगेत भरले, वर नखं कापायचं कटर ठेवलं, चेन ओढली. तेव्हाही काही वाटलं नाही. फक्त एक प्रश्न डोक्यात अडकून बसला होता. हे आत असतील, सगळं ऐकत असतील, आणि आपण त्यांना न विचारताच सोडून येत असलो तर? पण प्रत्येक गोष्टीला हो म्हणणाऱ्या माणसाला विचारणार तरी कसं?

तर ती गाडी. तिच्या इंजिनाला पेट्रोल-हवा मिसळून सोडणारे, एकामागे एक असे दोन कार्बोरेटर. लग्न झाल्यापासून ही खटपट माझ्याच हातची. ह्यांची बोटं जाड, माझी बारीक, म्हणून आतले बारीक भाग मी धुवायचे आणि बसवायचे. ट्यूनिंग मात्र ह्यांचं. मी दोन्ही उतरवले आणि टेबलावर जुना टॉवेल पसरून खोलले. आधीच्या शहाण्याने काय दिवे लावले होते, बघण्यासारखं होतं. सांध्यातलं गॅस्केट फाटलं म्हणून पुठ्ठा कापून घातलेला. पेट्रोल सुकून आत डिंकासारखं चिकटलेलं. एका फ्लोटला भोक पडून त्यात पेट्रोल शिरलेलं, म्हणजे तरंगायच्या कामाला ठेवलेला गडी स्वतःच बुडालेला. मी भाग भिजत घातले, ब्रशने घासले, हवा मारली, जेटची बारीक भोकं उजेडात धरून आरपार दिसतंय ना ते पाहिलं. नवे फ्लोट, नवी गॅस्केट. हात आपापलं काम करत होते. मी नुसती त्यांच्याबरोबर बसले होते.

शुक्रवारी दुपारी दोन्ही चढवून झाले. दाताचा डॉक्टर दवाखाना बंद करून आला होता, त्याला गाडीत बसवलं, इंजिन बंद पडलं तर परत सुरू करायला. ह्यांना घरात एकटं कसं ठेवणार, म्हणून खुर्ची ढकलत शेडमध्ये आणली आणि मडगार्डजवळ लावली. डावा, धड राहिलेला हात खुर्चीच्या कडेवरून खाली सोडलेला होता, तो उचलून मडगार्डवर ठेवला. डोक्याला कानटोपी होतीच.

दोन कार्बोरेटर असले की दोघांनी सारखी हवा ओढायला हवी. एकाने जास्त ओढली की गाडी लंगडते. ते ओळखायची आमची रीत साधी. रबरी नळीचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी, दुसरं कानात. आधी पुढच्याचा सूं सूं आवाज ऐकायचा, मग मागच्याचा, आणि सारखे होईपर्यंत स्क्रू फिरवायचे. नळी ह्यांच्या कानात असायची, स्क्रू माझ्या हातात. इंजिनाच्या आवाजात ओरडून घसा कोण फोडणार? हे मडगार्डवर बोटं वाजवायचे. एकदा वाजवलं की आवळ, दोनदा वाजवलं की सोड, तळवा सपाट टेकवला की बस. संसारातलं आमचं निम्मं बोलणं असंच झालं, आणि भांडण न होता झालं ते तेवढंच.

त्या दिवशी एका हाताने नळी धरायची, दुसऱ्याने स्क्रू, कानातलं टोक सारखं निसटत होतं. तिसऱ्यांदा निसटलं तेव्हा डोकं फिरलं माझं. ते टोक मी ह्यांच्या कानटोपीत खोचलं आणि सवयीने म्हटलं, ऐका जरा. हे म्हणाले, हो. मी मनात म्हटलं, झालं!

पुढच्यावर नळी धरली, मग मागच्यावर. मडगार्डवर टक टक झालं.

मला वाटलं, हात थरथरला. मी आपल्या अंदाजाने स्क्रू थोडा आवळला. परत टक टक, ह्या वेळी जोरात. मी सोडला. परत टक टक. अजून सोडला. टक. एवढासा आवळला. आणि डावा तळवा मडगार्डवर सपाट पडला.

नळी ओढून मी स्वतःच्या कानाला लावली. पुढचा, मागचा, पुढचा, मागचा. तसूभर फरक नव्हता. इंजिन असं चालत होतं की वर ठेवलेला चहा हिंदकळला नसता.

तरी माझा विश्वास बसेना. नळी परत कानटोपीत घातली आणि ह्यांना दिसणार नाही अशा बेताने मागचा स्क्रू मुद्दाम आवळून बिघडवला. टक टक. आणि वर माझ्याकडे पाहिलं. कामात चूक केली की हे जसे बघायचे तशी नजर, तीच, बिनडोक कुठली म्हणणारी. डॉक्टर गाडीतून विचारत होता, काय झालं ताई, काय झालं. मी स्क्रू नीट केला आणि त्याला इंजिन बंद करायला सांगितलं.

म्हणजे हे आत होते. झटक्यानंतर सगळा वेळ आत होते. त्यांच्या डोक्यावरून आम्ही जे जे बोललो ते सगळं त्यांनी ऐकलं होतं. मी स्टूल ओढून समोर बसले.

"अहो," मी म्हटलं, "उद्या तिकडे जायचं असेल तर एकदा वाजवा. इथे राहायचं असेल तर दोनदा."

बोट उचललं गेलं. टक.

दुसऱ्यांदा वाजेल म्हणून मी वाट बघत राहिले. वाजलं नाही. मग मला वाटलं, चुकलं असेल, गोंधळले असतील. आताच स्क्रू उलटा फिरवून पाहिला होता, तसा प्रश्नच उलटा केला.

"आता राहायचं असेल तर एकदा. जायचं असेल तर दोनदा."

टक टक. अगदी स्पष्ट.

इतक्या महिन्यांत जे आलं नव्हतं ते तेव्हा आलं. आधी डोळ्यांत, मग कुठे कुठे. दुखलं, फार दुखलं. डॉक्टर गाडीतून उतरून मागच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"माझा कंटाळा आलाय?" मी विचारलं. "आला असेल तर एकदा, नसेल तर दोनदा."

टक टक.

"मग माझी कंबर मोडेल म्हणून जाताय?"

ह्यांनी मान वळवून बंद इंजिनाकडे पाहिलं. मग एकदाच वाजलं, इतकं हळू की इंजिन चालू असतं तर मला कळलंही नसतं.

मी पदराने नाक पुसलं आणि दिराला फोन लावला. रिंग जात असताना ह्यांनी तळवा मडगार्डवर टेकवला. बस. मी बघितलं न बघितल्यासारखं केलं. त्यांनी तळवा उचलून परत टेकवला.

"अहो, ते कार्बोरेटरपुरतं," मी म्हटलं. "हे मी ठरवणार."

तिकडून दीर म्हणाला, बोला वहिनी, बॅग भरली का? मी म्हटलं, उद्या येऊ नका. का, म्हणून त्याने विचारलं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. तळवा तसाच घट्ट टेकलेला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी म्हटलं, तुमच्या दादांना विचारलं मी. माझी कंबर वाचावी म्हणून जातो म्हणतायत, म्हणूनच येऊ नका.